फोमच्या मधपेटीचा रंग दरवर्षी सुटतोय? आधी हे तपासा

मधमाश्यांच्या फोमच्या (थर्माकोलसारख्या, पण त्याहून दाट) पेटीला रंग मारला, एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेला, आणि रंग पुन्हा सुटला. लातूर-धाराशिव पट्ट्यात मेलिफेरा या युरोपीय मधमाशीच्या पेट्या ठेवणाऱ्यांकडून ही तक्रार माझ्याकडे सतत येते. माझ्या स्वतःच्या पेट्यांवरही हीच दुरुस्ती मी वर्षानुवर्षं करत आलोय. विचारणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कोणता रंग मारू?" माझं म्हणणं असं की रंगाचं नंतर बघू, आधी ऊन आणि पाणी पेटीला नेमकं कुठून लागतंय ते शोधा. ते न शोधता रंगाचा तिसरा हात मारला तरी तो पहिल्यासारखाच निघून येतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. फोमच्या पेट्या मुळात फिनलंड, डेन्मार्क, जर्मनी अशा थंड मुलखांत रुळल्या. त्यांच्यासोबत येणाऱ्या सूचना बर्फ आणि गारठा डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर असतो, जूनमध्ये वादळी पाऊस, फेब्रुवारी-मार्चमध्ये कधी गारपीट. म्हणून त्या सूचना जशाच्या तशा इथं लागू पडत नाहीत. फोममुळे आतली माशी उन्हापासून वाचते, पण त्या फोमला उन्हापासून वाचवायचं काम आपलं आहे.

लक्षणं कोणती आणि ती काय सांगतात

पेटीवरून तळहात फिरवला की पांढरट-पिवळी पूड हाताला लागते. बहुतेक वेळा दक्षिण आणि पश्चिम बाजू पिवळी पडलेली असते आणि उत्तरेची बाजू अजून पांढरी असते. हा उन्हातल्या अतिनील किरणांचा परिणाम आहे. उघड्या फोमचा वरचा थर त्यांनी ठिसूळ होतो आणि झडत राहतो.

रंगाला फुगे येतात, मग पापुद्रे सुटतात. पापुद्रा फेकून देऊ नका, उलटा करून उजेडात धरा. मागच्या बाजूला फोमचे मणी चिकटून आले असतील तर रंग चांगला धरला होता, खालचा फोमच कमजोर झालाय. मागे पिठासारखी पूड असेल तर जुनी पूड न काढताच वर रंग मारला होता. मागची बाजू स्वच्छ, गुळगुळीत आणि ओलसर असेल तर पाणी रंगाच्या मागून आलंय, म्हणजे सांध्यातून, भोकातून किंवा झाकणाखालून. पुढची सगळी दिशा या एका पापुद्र्यावरून ठरते.

दारासमोरच्या फळीवर फोमचे सुटे मणी पडलेले दिसतात. दाराची कड खडबडीत किंवा मऊ झाली की माश्याच ती कुरतडून बाहेर टाकतात.

पेटीच्या बाजूला बारीक भोकं आणि खाली स्टँडवर पांढऱ्या भुकट्याची ढिगुळी. हे किड्यामुंग्यांचं काम. ते कुणाचं हे कसं ओळखायचं, ते पुढे आहे.

पाऊस होऊन गेल्यावर बॉटम बोर्डवर (पेटीच्या तळाच्या फळीवर) पाणी साचतं, कडेच्या फ्रेमच्या, म्हणजे पोळ्याच्या चौकटीच्या, लाकडाला बुरशी धरते, एकावर एक बसलेल्या दोन कप्प्यांमधून चाकूचं पातं सहज आत जातं.

आणि शेवटचं लक्षण, रंग मारल्या मारल्याच पृष्ठभागाला खड्डे पडतात, फोम चिकट होऊन खाली बसतो. हे हवामानामुळे होत नाही, रंगातल्या थिनरमुळे होतं.

पैसे न लागणारी तपासणी: जागा

दुपारी बारा ते चार या वेळेत पेटीवर ऊन पडतंय का, हे एक दिवस स्वतः बघा. सकाळचं ऊन पाहिजेच, त्यानं माशी लवकर कामाला लागते, म्हणून तोंड पूर्वेला किंवा आग्नेयेला ठेवतात. पण दुपारची सावली मिळाली तर रंगाचं आयुष्य दुप्पट होतं, हा माझा अनुभव आहे. कडुनिंब, चिंच, आंबा अशा झाडाच्या पूर्वेला पेटी ठेवली की सकाळचं ऊन आणि दुपारनंतरची सावली दोन्ही मिळतं. झाड नसेल तर चार बांबूंवर उसाचं पाचट किंवा तुराट्यांचा मांडव करा. हिरवी शेडनेटही चालते, फक्त ती पेटीच्या अंगाला टेकू देऊ नका, वाऱ्यानं घासून रंग जातो.

पुढची गोष्ट म्हणजे उतार. पेटी मागून पुढे किंचित कललेली असावी. मागच्या पायांखाली बोटभर जाडीची चीप घातली तरी पुरते. पेटी सपाट असली किंवा मागे कललेली असली तर दारातून आत आलेलं पावसाचं पाणी बॉटम बोर्डवरच थांबतं आणि खालच्या सांध्यात मुरतं. रंग खालच्या चार बोटांच्या पट्ट्यात आधी सुटत असेल तर ऐंशी टक्के कारण इथंच असतं.

तिसरं, जमिनीपासूनची उंची. काळ्या रानात जोराचा पाऊस झाला की चिखल वीतभर उडतो. तो चिखल फोमवर वाळतो, त्यात ओल धरून राहते आणि मुंग्यांना चढायला वाट होते. स्टँड गुडघ्याएवढा उंच ठेवा. स्प्रिंकलरच्या फेकीत पेटी येत नाही ना, हेही बघा. आपल्याकडं बोअरचं पाणी जड असतं, त्याचा क्षाराचा थर पेटीवर बसला की वरचा रंग धरत नाही.

जागेत एवढी दुरुस्ती करून एक महिना थांबलात तर अर्ध्या पेट्यांना पुढचं काहीच लागत नाही.

बॅटरी, चिकटपट्टी आणि मूठभर राख

आता पाच-दहा रुपयांत होणाऱ्या तपासण्या.

बॅटरीची तपासणी रिकाम्या कप्प्यावर आणि रात्री करायची. आत बॅटरी लावून ठेवा, वरून झाकण घाला आणि अंधारात भोवती फिरा. फोममधून मंद उजेड झिरपणं साहजिक आहे. पण कुठं टोकदार ठिपका किंवा सरळ रेघ दिसली तर तिथं भोक किंवा फट आहे. खडूनं लगेच खूण करा, सकाळी ती सापडत नाही. ही तपासणी महत्त्वाची, कारण जिथून उजेड बाहेर येतो तिथून पाणी आत जातं, पोळं पोखरणाऱ्या मेणकिड्याची मादी आत जाते आणि फुलोरा संपल्यावर शेजारच्या वसाहतीतल्या लुटारू माश्याही आत घुसतात.

चिकटपट्टीची तपासणी रंगासाठी. ब्लेडनं रंगावर फुलीच्या आकाराचा हलका छेद द्या, त्यावर रुंद चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. रंग निघाला नाही तर जुना रंग घट्ट आहे, त्यावरच नवा हात चालेल. पट्टीबरोबर रंग आला तर तेवढ्या भागातला सगळा सुटा रंग काढल्याशिवाय नवा मारू नका.

राखेची तपासणी ओलीसाठी. पेटीत ओल दिसली की सगळे आधी झाकणाला दोष देतात. पण ती ओल पावसाची आहे की माश्यांच्या वाफेची, हे आधी ठरवावं लागतं, कारण दोन्हींचे उपाय उलटे आहेत. फुलातला रस बहुतेक पाणीच असतो. माश्या तो आटवून त्यातलं पाणी २० टक्क्यांच्या खाली आणतात तेव्हा मध पिकतो. आटवलेलं ते सगळं पाणी वाफ होऊन पेटीतच फिरतं. लाकूड त्यातलं थोडं शोषून घेतं, फोम घेत नाही. म्हणून डिसेंबरच्या गार पहाटे फोमच्या पेटीत भिंतींना आतून थेंब दिसतात, आणि वर नुसता पत्रा असेल तर पत्र्याच्या खालून टपटप होते.

करायचं असं. आतल्या झाकणावर चाळलेल्या राखेचा पातळ थर पसरा आणि वरचं झाकण लावा. पावसानंतर उघडून बघा. राखेत एका बाजूनं आलेला ओघळ दिसला तर पाणी बाहेरचं आहे, त्या कोपऱ्याचा माग काढा. पाऊस नसतानाही राखेत सगळीकडे सारखे थेंबांचे खळगे दिसले तर वाफ आहे. वाफेला फटी बुजवणं हा उपाय नाही, तिला वाट द्यावी लागते. दार थोडं मोठं करा, जाळीचा बॉटम बोर्ड असेल तर खालची सरकती फळी अर्धी ओढा, पत्र्याखाली फोमचं किंवा गोणपाटाचं अस्तर घाला. वाफेची ओल असताना सगळे सांधे सीलंटनं बुजवले तर वसाहत बुरशीनं खराब होते.

भोकं कुणी पाडली

भोक बुजवण्याआधी ते कुणाचं आहे हे ओळखा, नाहीतर आठवड्यात शेजारी नवं पडतं.

मुंग्यांचं भोक बाहेरून टाचणीएवढं असतं, पण आत बोगद्यांचं जाळं असतं. बाहेर पडलेला भुकटा अगदी बारीक आणि कोरडा असतो. पेटीच्या अंगावर कान लावून बोटानं टकटक केली तर पोकळ आवाज येतो. मुंग्या फोम खात नाहीत, घर करायला कोरतात.

मेणकिड्याची अळी आतून कोरते. फ्रेम काढून भिंतीचा आतला भाग बघा. होडीसारखे लांबट खळगे, पांढरी रेशमी जाळी आणि काळ्या दाण्यांची विष्ठा दिसली की तीच. लाकडातही ती असे खळगे पाडते, फोममध्ये तर सहज आरपार जाते. हिचं खरं कारण बाहेरच्या रंगात नसतं. कमजोर वसाहत आणि गरजेपेक्षा जास्त दिलेले रिकामे पोळे हे कारण असतं. फ्रेम कमी करा, माशी दाट बसू द्या. रिकामे सुपर (मधासाठीचे वरचे कप्पे) घरात रचून ठेवले असतील तर जुनी पोळी त्यातून काढून ठेवा.

उंदीर खालच्या कोपऱ्यावर दात मारतो, कडेला समांतर खुणा दिसतात. पेट्या पडवीत किंवा गोदामात रचून ठेवलेल्या दिवसांत हे जास्त होतं.

मुंग्यांसाठी स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या हा जुना उपाय अजूनही सगळ्यात भरवशाचा. उन्हाळ्यात त्या रोज आटतात, तेवढं लक्ष लागतं. गवताची एक काडी जरी पेटीला टेकली तरी मुंग्यांना पूल मिळतो, म्हणून भोवतालचं गवत कापा. आणि इथं कळकळीनं सांगतो, मुंग्या हटवायला पेटीवर रॉकेल किंवा डिझेल पुसू नका. लाकडाच्या पेटीच्या स्टँडला लोक असं करत आलेत, पण फोमला ते मऊ करतं आणि त्या जागी पुढे रंग कधीच धरत नाही. कीटकनाशकाची फवारणी किंवा मुंग्यांचा खडू पेटीजवळ तर अजिबात नको. मुंगी आणि माशी यांत ते औषध फरक करत नाही.

फोमच हलका आहे का?

हे आधीच कळलं तर रंगाचा खर्च वाचतो. मधपेटीसाठीचा फोम दाट असतो, लिटरला शंभर ग्रॅमच्या आसपास. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येणारा थर्माकोल लिटरला पंधरा-वीस ग्रॅमचा असतो. दिसायला दोन्ही पांढरेच. बाजारात अधूनमधून कमी दाटीच्या फोमच्या पेट्या स्वस्तात येतात, आणि वारंवार रंग सुटतो म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांत त्यांचं प्रमाण मोठं असतं.

अंगठ्याचं नख जोरात दाबा. दाट फोमवर उथळ खूण उठते, हलक्यावर नख रुततं आणि मणी सुटे होतात. खात्री करायची असेल तर तुटलेला चौकोनी तुकडा मोजा. लांबी, रुंदी, जाडी सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करा आणि तुकडा किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा. १०० घनसेंटिमीटरला आठ-दहा ग्रॅम भरला तर फोम चांगला. दोन-तीन ग्रॅमच भरला तर कितीही भारी रंग मारा, कडा टिकणार नाहीत. अशी पेटी वसाहत विभागताना तात्पुरती म्हणून वापरा, उघड्या रानात वर्षभर ठेवू नका.

रंग: कोणता आणि कोणता नाही

पाण्यात मिसळणारा, बाहेरच्या भिंतीचा अ‍ॅक्रिलिक इमल्शन. कंपनी कुठलीही चालेल. डब्यावर 'पाणी मिसळा' असं लिहिलं असेल तर तो फोमला चालतो. 'थिनर' किंवा 'टर्पेंटाइन मिसळा' असं असेल तर तो डबा परत ठेवा. थिनर, पेट्रोल, अ‍ॅसिटोन, टोल्युइन हे सगळं फोम विरघळवतं. म्हणून ऑइलपेंट नको, स्प्रेचे डबे नकोत, चपला चिकटवायचं पिवळं सोल्युशन नको. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काळं डांबरी सोल्युशनही नको. फायबर-ग्लासच्या कामाचं पॉलिस्टर रेझिन तर फोममध्ये डोळ्यांदेखत खड्डा पाडतं. त्याच्याऐवजी इपॉक्सी रेझिन चालतं.

नवा डबा आणला की आधी पेटीच्या तळाला, न दिसणाऱ्या जागी, रुपयाएवढा ठिपका लावा आणि एक दिवस थांबा. मऊ पडलं नाही, खड्डा पडला नाही की पुढे चला.

ऑइलपेंट टिकाऊ असतो, मग तो का नको, असं बरेच जण विचारतात. थिनरचं कारण तर आहेच. शिवाय फोम उन्हात वाढतो आणि थंडीत आखडतो. अर्ध्या मीटर लांबीची बाजू जानेवारीच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत एक मिलिमीटरहून थोडी जास्त लांबते. अ‍ॅक्रिलिकचा थर लवचीक असतो, तो त्याबरोबर ताणला जातो. कडक रंगाला चिरा पडतात आणि त्या चिरांतून पाणी आत जातं.

रंग पांढरा किंवा फिकाच घ्या. माशीला आपली पेटी ओळखता यावी म्हणून दाराभोवती निळा, पिवळा असे वेगवेगळे पट्टे द्या, तेवढं पुरे. पूर्ण पेटी गडद हिरवी किंवा चॉकलेटी केली तर तिचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडून पोळं लटकायला लागतं. माश्यांना पिल्लांजवळ ३४-३५ अंश राखायचे असतात. पेटी तापली की मध गोळा करण्याचा वेळ त्या पाणी आणण्यात आणि पंखांनी वारा घालण्यात घालवतात. झाकणासाठी गच्चीवर मारायचा पांढरा लवचीक, उष्णता परतवणारा कोट मिळतो. तो पाण्याचाच असतो आणि झाकणावर उत्तम काम करतो.

चुना मारू का, असंही विचारतात. चुना फोमला खात नाही, ऊनही परतवतो, पण पहिल्या दोन सरींत धुऊन जातो. ऐन मेमध्ये रंग मिळाला नाही तर महिनाभराची सोय एवढाच त्याचा उपयोग.

रंगवण्याची रीत

इथं घाई केली की सगळं वाया. माझ्या मते नऊ भाग काम तयारीचं आणि एक भाग रंगाचं आहे.

माश्या असलेली पेटी रंगवू नका. एक रिकामा जोड जवळ ठेवा, तो निवांत रंगवून वाळवा, मग फ्रेम त्यात हलवा आणि मोकळी झालेली पेटी पुढच्या फेरीला घ्या. दार बंद करून भर उन्हात पेटी रंगवली तर आतली वसाहत गुदमरते, मग रंग कितीही चांगला बसो.

मेण आणि माश्यांनी लिंपलेली राळ हाइव्ह टूलनं (पेटी उचकटायच्या लोखंडी पट्टीनं) अलगद खरवडा. लाकडी पेटी आतून ब्लो-टॉर्चनं शेकतात, तसं इथं करायचं नाही. फोम शंभर अंशांच्या आतच मऊ होतो आणि पेटला तर काळा दाट धूर सोडत भडकतो. त्याच कारणासाठी गरम स्मोकर (माश्यांना धूर द्यायचं भांडं) झाकणावर टेकवायची सवय सोडा. झाकणावर गोल खळगे दिसतात ते बहुतेक त्याचेच असतात.

मग कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून ब्रशनं धुवा. हातमोजे घाला. शेवटचा हात शक्यतो साठवलेल्या पावसाच्या किंवा फिल्टरच्या पाण्यानं द्या, म्हणजे बोअरचा क्षार राहत नाही. सावलीत पूर्ण वाळू द्या. मग दीडशे-एकशेऐंशी नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हातानं फिरवा. पिवळा थर जाऊन खालचा पांढरा, घट्ट फोम दिसला पाहिजे. उघडे मणी दिसायला लागले की थांबा, त्याच्या पुढे घासायचं नाही. ओल्या फडक्यानं पूड टिपा. काळं फडकं फिरवून बघा, त्यावर पांढरं उमटत असेल तर अजून पूड आहे. दरवर्षी रंग सुटण्याचं सगळ्यात मोठं कारण ही पूडच. रंग फोमला न चिकटता पुडीला चिकटतो.

एक पातळ हात वॉटर-बेस्ड एक्स्टिरियर प्रायमरचा, मग इमल्शनचे दोन हात, मध्ये डब्यावर लिहिलेला वेळ. एका लिटरमध्ये दोन कप्प्यांच्या तीन-चार पेट्यांना दोन्ही हात होतात. दुपारच्या उन्हात ब्रश हातात घेऊ नका, रंग बसायच्या आधीच वाळतो आणि कातडीसारखा सुटतो. ऊन उतरल्यावर किंवा भल्या सकाळी सावलीत काम करा. वळवाचा पाऊस येईल असं वाटत असेल तर पुढे ढकला. रंगवलेली पेटी आठवडाभर उघडी ठेवा, वास पूर्ण गेल्यावरच माशी आत घाला.

आतून रंग मारू नका. आतला पृष्ठभाग माश्या स्वतः राळेनं लिंपून घेतात. बाहेरच्या इमल्शनमध्ये बुरशी मारणारी द्रव्यं असतात, ती पोळ्याजवळ नकोत. कप्पे जिथं एकमेकांवर बसतात त्या कडाही कोऱ्या ठेवा. दोन रंगवलेल्या कडा उन्हात एकमेकींना चिकटतात आणि उघडताना रंगासोबत फोमचा लचका येतो. कोऱ्या कडांवर मेणाचा हात फिरवला तर उत्तम.

सांधे आणि कडा

फोमच्या पेटीचं खरं दुखणं कडांना असतं. माश्या राळेनं कप्पे जोडतात आणि आपण हाइव्ह टूलचं टोक घालून उचकटतो. लाकूड ते सोसतं, फोम दबतो. टूल कोपऱ्यात सरळ घालून फिरवायचं, एका जागी पहार लावल्यासारखं दाबायचं नाही.

दबलेली कड भरायला फोमचा चाळलेला चुरा पांढऱ्या लाकडाच्या गोंदात कालवा, घट्ट लगदा करून भरा, वर प्लास्टिक ठेवून सपाट दाबा आणि दोन-तीन दिवस वाळू द्या. फोम पाणी ओढत नाही, त्यामुळे गोंद आतून सावकाश वाळतो, उतावीळ होऊ नका. पाण्याला टिकणारा गोंद घ्या, साधा असेल तर वरून रंग हवाच. बारीक फटींना रंग धरणारा अ‍ॅक्रिलिक सीलंट बरा. सिलिकॉनवर रंग बसत नाही. पुट्टी नको, ती ठिसूळ असते. दाराची कुरतडलेली कड भरण्यापेक्षा तिथं पातळ पत्र्याची किंवा प्लास्टिकची पट्टी बसवा, म्हणजे माशी पुन्हा पोखरत नाही.

मुंग्यांची भोकं बुजवताना आधी वसाहत दुसऱ्या पेटीत हलवा, बोगदा तारेनं साफ करा, मगच भरा.

वारा आणि गारा

रिकामा फोमचा कप्पा हलका असतो. मे-जूनच्या वावटळीत झाकण शेजारच्या रानात सापडतं. त्यावर दगड ठेवणं ही सगळ्यांची सवय, पण दगडाचं टोक फोममध्ये रुततं, त्या खळग्यात पाणी साचतं आणि रंग तिथूनच सुटायला लागतो. दगडाखाली फळी ठेवा. त्याहून बरा मालवाहू गाडीचा पट्टा, पेटी आणि स्टँड एकत्र आवळणारा. पट्टा जिथं कडेवरून वळतो तिथं उभा चिरलेला पीव्हीसी पाइप घाला, नाहीतर पट्टा कड कापतो. तूर किंवा सूर्यफुलावर पेट्या नेताना पिकअपमध्ये हेच पाइप उपयोगी पडतात.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाड्यात कुणी विसरलेलं नाही. गारांनी फोमला खळगे पडतात आणि रंग फुटतो. झाकणावर पत्र्याची टोपी बसवा, पण पत्रा आणि फोम यांच्यात दोन लाकडी पट्ट्या ठेवून बोटभर हवा खेळू द्या. पत्रा फोमला चिकटवून बसवला तर त्याची धग थेट फोममध्ये उतरते. टोपीच्या कडा चारही बाजूंनी दोन इंच बाहेर आल्या की वरच्या सांध्यावर पावसाचं पाणी येतच नाही. माझ्याकडे आलेल्या पेट्यांमध्ये सगळ्यात जास्त फरक या एका टोपीनं पडलेला आहे. गावातला पत्र्याचं काम करणारा ती अर्ध्या तासात वाकवून देतो.

कुठं थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

भिंत आरपार कुजल्यासारखी मऊ लागली, एका बाजूला मूठभर भागात बोगदे झाले, किंवा कप्पा तिरका होऊन फ्रेम अडकू लागल्या, तर दुरुस्ती थांबवा आणि कप्पा बदला. त्यात आणखी रंग आणि गोंद घालणं म्हणजे पैसे वाया.

पेटी उघडल्यावर मेलेली, रंग बदललेली, आंबूस वासाची पिल्लं दिसली तर हा मामला पेटीचा नाही, रोगाचा आहे. ती पेटी धुऊन-रंगवून दुसऱ्या वसाहतीला देऊ नका. फ्रेमही इकडच्या तिकडं करू नका. आपल्या जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या कीटकशास्त्र विषयतज्ज्ञांना दाखवा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा कीटकशास्त्र विभाग आणि पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था यांच्याकडे नमुना कसा न्यायचा ते आधी फोनवर विचारून घ्या. महाबळेश्वरच्या मध संचालनालयाकडूनही मार्गदर्शन मिळतं. दारासमोर अचानक माश्यांचा खच पडला आणि जवळ कुठं फवारणी झाली असेल, तरी आधी तज्ज्ञांनाच गाठा. मेलेल्या माश्या स्वच्छ पुडीत जमा करून गार जागी ठेवा.

पेटीजवळ गांधीलमाशीचं किंवा आग्या माशीचं पोळं असेल तर रंगाचं काम हाती घेऊ नका, त्याचा जाणकार माणूस बोलवा. आणि काम करताना डंख बसून अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला किंवा चक्कर आली, तर ब्रश तिथंच टाकून सरळ दवाखाना गाठा. घरगुती लेपावर वेळ घालवू नका.

टाकाऊ झालेला फोम रानात जाळू नका. त्याचा धूर तुमच्याही फुप्फुसांना वाईट आणि शेजारच्या पेट्यांनाही. चांगले तुकडे कापून ठेवा, पुढच्या दुरुस्तीला चुरा आणि अस्तर म्हणून लागतात. उरलेला गोणीत भरून घनकचऱ्याच्या गाडीत द्या.